ओसरीवरची खाट

॥ श्री ॥
कामशेत, सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

चि. कोमलला नंदामावशीचे आशीर्वाद.

माझा फोन मातीत गेला. ओंकारच्या फोनवर बोलायला लागले की हुंदका येतो आणि समोरच्याला काही कळत नाही, म्हणून लिहिते. कागद पिंकीला मदतीत वाटलेल्या वहीतला आहे. दोन्ही बाजूंनी लिहिलंय, वाचताना डोळ्यांना त्रास होईल.

तुझ्या आईने सांगितलंच असेल. नागपंचमीला सकाळी मी सविताच्या पिंकीला घेऊन खालच्या देवळामागच्या वारुळाला दूध-लाह्या वाहायला गेले होते. नऊ वाजले असतील. वरून आवाज आला, मला वाटलं घाटात मालगाडी चढतेय. वळून बघितलं तर डोंगराचा एवढा मोठा तुकडा खाली बसलेला, आणि आपली कातळवाडी जिथं होती तिथं नुसतं लाल. पाच घरं गेली, माणसं अकरा. दहा सापडली. माझी सून, आपली सविता, तेवढी सापडली नाही.

ती घरात होती, चुलीपाशी.

नागपंचमीला जमीन खणू नये, विळी धरू नये म्हणून मी जन्मभर पाळलं. त्याच दिवशी दुपारपासून आमच्या दारात पहारी आणि मशिनी लागल्या. अकरा दिवस खणलं. परवा साहेबांनी सांगितलं, आता थांबवतो, वरून अजून माती सुटतेय, माणसं गमवायची नाहीत. ओंकार ऐकत नाही. कंपनीत रजा टाकलीय, रोज सकाळी एसटीने वर जातो, एकटा खणतो आणि अंधार पडायच्या आत परत येतो. जेवायला वाढलं की म्हणतो, "आई, ती वर वली बसलीय, आन मी हितं गरम खाऊ व्हय?"

आम्ही सगळे इथे शाळेच्या दोन खोल्यांत आहोत. सविता सापडल्याशिवाय दहावा नाही, तेरावा नाही. सवाष्ण बाई, तिला साधं हळदकुंकू लावून निरोप देता येत नाही. तुझी आई म्हणाली, जमिनीच्या पोटातलं दिसतं असलं काम तू कॉम्प्युटरवर करतेस. खरं असेल तर बघ बाई.

तुझी,
नंदामावशी


पुणे, १५ ऑगस्ट २०२५

ती. मावशीला कोमलचा नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. सविता वहिनीच्या लग्नात मी करवली होते, आणि परंदवडीच्या मांडवात तिने माझ्या तोंडात कोंबलेली पुरणपोळी मला अजून आठवते.

आई सांगते ते अर्धं खरं आहे. पुढे डोंगर आणखी सरकेल का हे बघायला आमच्या ऑफिसने ५ तारखेला कातळवाडीवरून एक छोटं ड्रोन अगदी खालून उडवलं. त्याला एक नळी असते. जमिनीत लोखंड असलं की तिला त्याची ओढ जाणवते. ती सगळी मोजणी माझ्याकडे आहे. कॉम्प्युटरवर त्यातून तो उतार उभा राहतो, लाखो ठिपक्यांचा. फिरवता येतो, कापता येतो, आत डोकावता येतं.

मावशी, माणूस मात्र त्यात दिसत नाही. दिसतं ते लोखंड. पण घरातलं लोखंड कुठे वाहून गेलं हे कळलं, तर घर कुठे गेलं ते कळेल. घर कळलं तर चूल कळेल, आणि चूल कळली तर वहिनी.

म्हणून मला एक यादी कर. घरात लोखंडाच्या वस्तू कोणकोणत्या, केवढ्या, कुठे ठेवलेल्या. जितकी अचूक तितकं बरं. लाखो ठिपक्यांतून एकेक वस्तू हाताने शोधत बसले तर वर्ष जाईल. त्यापेक्षा मी कॉम्प्युटरला अटी लिहून देते: एवढी लांब, एवढी जड, या चौकटीच्या आतली, तेवढीच निवड. निवडलेलं उचलून वेगळ्या पडद्यावर ठेव. बाकी सगळं टाक. अटी तुझ्या यादीवरून लिहिणार आहे. यादी चुकली तर सगळंच चुकेल.

आमचे यशोधन सर म्हणाले, ऑफिस सुटल्यावर मशीन वापर, मी कुणाला विचारू देत नाही.

तुझी,
कोमल


॥ श्री ॥
कामशेत, १८ ऑगस्ट

चि. कोमलला आशीर्वाद.

आज श्रावणी सोमवार. उपास आहे, म्हणून डोकं हलकं आहे, सगळं आठवतं. तशी मी प्रत्येक वस्तू घरात आली त्या दिवशी वहीत टिपून ठेवत होते. वही गेली, पण वही लिहिणारी राहिली. मापं हातात दिली आहेत, माझ्या हाताने.

घराचं तोंड उगवतीला, हे तुला माहीत आहे. मधल्या खोलीत देव्हाऱ्याच्या उजवीकडे लोखंडी कपाट, साडेतीन हात उंच. त्याच्या पायाशी माझ्या लग्नातली पेटी, दोन हात. खिडकीखाली सविताचं शिलाई मशीन, पायाने चालवायचं, ओतीव बिडाचं, फार जड. स्वयंपाकघरात चूल मागच्या भिंतीला. तिच्या डावीकडे गॅसची टाकी, आणि एक रिकामी टाकी दाराआड. पत्र्याच्या दोन कोठ्या, एक तांदळाची भरलेली, एक अर्धी. मोठा तवा, खलबत्ता, पाणी तापवायचा बंब. माळ्यावर पहार, दोन कुदळी, एक जुना नांगराचा फाळ. ओसरीवर मामंजींची लोखंडी खाट, चार हात लांब, पट्ट्यांची. गोठ्यात काही नाही. गाय विकल्यापासून तो रिकामाच असतो.

मी हे लिहीत होते तर शेजारची भामाबाई म्हणते, "नंदाबाई, यादी कसली करताय? भंगारवाल्याला द्यायचंय काय समदं?" तिचा नवरा आणि सून दोघंही गेलेत. तरी हसवते बाई.

तू निवडायचं म्हणतेस ते मला कळलं. मी तांदूळ निवडते तसंच की. फक्त एक ऐक. बाजूला काढलेलं लगेच फेकत जाऊ नकोस. मी सुपाच्या कडेला काढलेलं शेवटी पुन्हा एकदा बघते. त्यातही कधी चांगला दाणा निघतो.

नंदामावशी


पुणे, २५ ऑगस्ट २०२५

ती. मावशीस,

काल संध्याकाळी पडद्यावर तुझं घर उभं राहिलं.

भिंती नाहीत, कौलं नाहीत. माती आणि दगड मी टाकून दिलेत. नुसतं लोखंड, हवेत टांगल्यासारखं. कपाट आडवं, त्याच्या पायाशी पेटी, जरा पुढे मशीन, दोन टाक्या, फाळ. मावशी, तुझी मापं इतकी बरोबर होती की माझा विश्वासच बसेना. प्रत्येक वस्तू तू लिहिलेल्या जागेपासून साधारण साठ फूट खाली, उगवतीकडे सरकली आहे, आणि सगळ्या एकाच दिशेने. एखाद्याने घर ताटात घेऊन पुढे सरकवावं तसं. आधी खणलं ते घराच्या मूळ जागी आणि थोडं खाली. एवढं दूर कुणी गेलंच नव्हतं.

त्यावरून चुलीची जागा काढली. सोबत नकाशा आहे. लाल फुली तीच. वर साडेबारा फूट माती असेल. ओंकारदादाला दे.

एका गोष्टीचा मेळ लागत नाही. ओसरीवरची खाट इतर वस्तूंबरोबर सापडत नाही. घराच्या दक्षिणेला, ओहळापलीकडे गोठ्याच्या बाजूला, सहा फूट लांबीचं काहीतरी आहे. माप खाटेशी जुळतं. पण ते जागचं हललेलंच नाही, आणि ओसरी तर साठ फूट गेली. म्हणजे ती खाट असू शकत नाही. माझ्या चौकटीच्याही ते बाहेर पडतं, म्हणून मी ते टाकलं. शेजारच्या कुणाचं असेल ना? एवढं फक्त कळव.

कोमल


॥ श्री ॥
कामशेत, २८ ऑगस्ट

चि. कोमलला आशीर्वाद.

नकाशा मिळाला. ओंकारने तो देवापुढे ठेवला आणि पहिल्यांदा पोटभर जेवला.

काल गणपती. यंदा आणला नाही. शाळेतल्या मास्तरांनी एक सुपारी मांडली, तिलाच सगळ्यांनी नमस्कार केला.

तू विचारलंस ते शेजारचंच असेल. श्रीपतीभाऊंनी पावसाळ्याआधी पत्र्यांसाठी लोखंडी अँगल आणून ओहळापाशी टाकले होते. तेच. खाट हलकी, कुठंही वाहून गेली असेल. तिच्या मागे लागू नकोस.

शनिवारी मशीन मिळतेय. सविताचे वडील मारुतीभाऊ परंदवडीहून चार माणसं घेऊन येणार आहेत. तूही ये.

नंदामावशी


पुणे, ४ सप्टेंबर २०२५

ती. मावशी,

घरी आले तरी नखांतली माती निघत नाही.

तू आली नाहीस ते बरं झालं. तीन दिवस खणलं. लाल फुलीपासून हातभरावर चूल लागली तेव्हा सगळे ओरडले. दादा तर मातीत बसला. मग तवा निघाला, टाकी निघाली. तांदळाची कोठी फुटलेली, तांदळाला कोंब आलेले. चुलीभोवती चारी बाजूंनी दहा-दहा फूट गेलो. वहिनी नाही. तिची चप्पल नाही, बांगडीचा तुकडा नाही.

मारुतीकाका मला म्हणाले, "पोरी, तुजं यंत्र भांडी दावतं. मानूस दावायला त्याला कोन शिकवनार?" रागाने नाही म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं.

मी चार दिवस झोपलेले नाही. माझ्या अटीतच कुठेतरी खोट आहे असं सर म्हणत नाहीत, पण मला माहीत आहे. मी आधी ठरवलं काय हवंय, आणि तेवढंच निवडलं. आता दादा म्हणतो की ती चुलीपासून पळाली असेल, खालच्या घळीत गेली असेल. तो उद्यापासून घळीत उतरणार आहे. मावशी, त्या घळीच्या वरचा कडा चिरलेला आहे. ५ ऑगस्टच्या मोजणीत ती चीर नव्हती. त्याला अडव.

आणि एक. खणायच्या शेवटच्या दिवशी दुपारी भामाबाई पिंकीला घेऊन वर आल्या होत्या. पिंकी माझ्या शेजारी दगडावर बसली होती. खणणं बघत होती. मग मला म्हणाली, "कोमलआत्या, चार दिस कवाच झाले ना? मग आता आईला शिवलं तर चालंल."

मी तिला काही विचारलं नाही. कुणाजवळ बोललेही नाही.

मावशी, मी तुला एकच विचारते. ती खाट कुठे होती?

कोमल


कामशेत, ८ सप्टेंबर

कोमल,

कागदावर श्री लिहिलेला नाही. विसरले नाही.

तुझं पत्र शनिवारी आलं. दोन दिवस ते पदराला बांधून फिरले. आता लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा धीर होणार नाही.

खाट गोठ्यात होती. सविता गोठ्यात होती.

आदल्या दिवशी दुपारी तिला अडचण आली. दुसऱ्या दिवशी पंचमी. घरात नागाचं चित्र काढलेलं, दिंडं उकडायची, कुळाचार. आमच्या घरात चार दिवस बाजूला बसायची रीत आहे, माझ्या सासूपासून. मी बसले, माझी नणंद बसली. पण सविताच्या लग्नाच्या बोलाचालीत मारुतीभाऊंनी एकच अट घातली होती. हुंडा-मानपानाचं काही बोलले नाहीत. म्हणाले, "माजी पोरगी बारावी झालीया. तिला भायेर बसवू नगा." मी सगळ्यांसमोर देवाच्या तांदळावर हात ठेवून हो म्हटलं. सात वर्षं ओंकार कधी रात्रपाळीला, कधी दिवसपाळीला, त्याला कधी कळलं नाही. सविताने त्याला सांगितलं नाही, बापाला सांगितलं नाही. माझी लाज तिने राखली.

तिला सर्दी झाली होती. गोठ्याची जमीन ओली. मीच म्हटलं, मामंजींची खाट घेऊन जाऊ. एक बाजू तिने धरली, एक मी. हसत होती. म्हणाली, "आत्याबाई, मी धरलेली खाट तुमी धरली की वो! आता देवाला काय सांगनार?" मी म्हटलं, देवाला सांगीन, लोखंडाला विटाळ नसतो. तर म्हणते, "मग मलाबी लोखंडाचीच करा."

सकाळी आठला तांब्या भरून मी गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवला. आत गेले नाही. लांबूनच हाक मारली. ती म्हणाली, "पिंकीला सेटर घाला, गार हाय." एवढंच. मग आम्ही वारुळाला गेलो.

आता ऐक, का खोटं बोलले. डोंगर आला त्यानंतर दोन तासांत साहेब आले. मला विचारलं, आजी, सून घरात कुठं होती? त्याच वेळी मारुतीभाऊ धावत वर आलेले, माझ्या शेजारी उभे, पायात वहाण नाही. रात्रपाळीहून परतलेला ओंकारही तिथंच. माझ्या तोंडून निघालं, चुलीपाशी. मला वाटलं गोठा तिथून वीस पावलांवर. खणता खणता पोहोचतीलच. घर सापडलं की गोठाही सापडेल, मग म्हणता येईल, बाई पाण्याला गेली असेल, काढायला गेली असेल शेण्या. रोज वाटायचं आज सांगेन. रोज आणखी एक दिवस उशीर झालेला असायचा, आणि जितका उशीर तितकं सांगणं अवघड.

मग तू यादी मागितलीस. सगळं खरं लिहिलं, बोटाचा फरक नाही. एकच वस्तू तिच्या जुन्या जागी लिहिली. तू ओळखून टाकशील असंही वाटत होतं. ओळखू नयेस असंही वाटत होतं. तू विचारलंस तेव्हा दुसऱ्यांदा खोटं बोलले. श्रीपतीभाऊंनी कसले अँगल आणले नव्हते. गेलेल्या माणसाच्या नावावर मी ते ढकललं.

ओंकार घळीत उतरतो आहे. मी दारात आडवी पडले तरी मला ओलांडून गेला. त्याला थांबव. त्याला काय सांगायचं ते तू ठरव, माझ्या तोंडात आता काही उरलं नाही.

नंदामावशी


पुणे, १५ सप्टेंबर २०२५

ती. मावशी,

बुधवारी दुपारी तुझं पत्र मिळालं. त्याच क्षणी दादाला फोन केला. म्हटलं, घळीतून वर ये, कॉम्प्युटरवर दुसरी जागा दिसतेय. बाकी काही सांगितलं नाही.

बाजूला काढलेलं तू फेकू नकोस म्हणाली होतीस, म्हणून मी ते वेगळं ठेवलं होतं. उघडलं. चौकट उचलून ओहळापलीकडे ठेवली. एक ओळ बदलायला लागली, मावशी. एकच. ती खाट लगेच निवडली गेली, चारही पाय दिसण्याइतकी स्पष्ट.

शनिवारी सकाळी आम्ही वर गेलो. मशीन लागलीच नाही. वरचा मोठा खडक मध्ये आल्यामुळे लोंढा तिथे दुभंगला होता. गोठ्याच्या दगडी भिंती तीन बाजूंनी उभ्या होत्या, पत्रा वाकून आत बसला होता. त्याच्यावर चार फूट माती. चारच. फावड्याने तासाभरात मोकळं झालं.

पत्रा काढल्यावर दादाने खाट ओळखली. पट्टीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "खाट हितं कशी?" मग त्याने पुन्हा विचारलं, मारुतीकाकांकडे बघत. काका खाली बसले. मग म्हणाले, "तांदळावर हात ठिवलावता तिनं."

खाट उचलल्यावर वहिनी दिसली. डॉक्टर म्हणाले, एकदम गेली असणार, तिला कळलंही नसेल. हे मी तुला मुद्दाम लिहिते आहे. तिला काही सोसावं लागलं नाही.

बाकी तिथे फार काही नव्हतं. गोधडी, तिची चप्पल, कोपऱ्यात तांब्या, रिकामा, वर भांडं पालथं घातलेलं. तांब्या मी पुसून पिशवीत ठेवला आहे. येताना आणते.

दादा तुझ्याशी बोलला का? त्याला वेळ दे. मला माफ कर म्हणू नकोस, माझा तो अधिकार नाही.

कोमल


कामशेत, २१ सप्टेंबर

कोमल,

दहावा परंदवडीला, तिच्या माहेरी होणार आहे. मारुतीभाऊंनी नेलं तिला. हळदकुंकू तिच्या आईने लावलं. मी गेले नाही, मला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी कोणत्या तोंडाने गेले असते.

ती सापडली त्या शनिवारपासून ओंकार माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. पिंकीला घेऊन तो परंदवडीलाच राहतो. जाताना पिंकी म्हणाली, "आजी, तू का न्हाई येत?" त्याने तिचं बोट धरून ओढलं, तेवढंच. भामाबाई मला वाढून आणते आणि समोर न बसता ठेवून जाते. पूर्वी तोंडभर बोलायची.

तू चांगली पोर आहेस. माझ्यासाठी पत्रात एक गोष्ट लपवलीस. पण मी जन्मभर वही लिहिली आहे, वरची ओळ खालच्या ओळीला जुळते का ते मला न बघताही कळतं. तू लिहितेस एकदम गेली, आणि लिहितेस खाट उचलल्यावर दिसली. खाटेवर झोपलेलं माणूस एकदम जातं तर खाटेवरच राहतं. ती खाली शिरली. पत्रा वाकू लागला तेव्हा मी दिलेल्या खाटेखाली ती शिरली, आणि खाटेने तिला वाचवलं.

तांब्या मी आठला काठोकाठ भरून ठेवला होता. नऊला डोंगर आला. एका तासात, असल्या गारठ्यात, सर्दी झालेली बाई दीड शेर पाणी पीत नाही. ती ते पुरवून प्यायली. भांडं पालथं घातलं, आत माती पडू नये म्हणून. तिची सवयच तशी होती. म्हणजे उद्या पुन्हा लागेल असं तिला वाटत होतं. म्हणजे कुणीतरी येईल असं वाटत होतं.

किती दिवस, ते डॉक्टरांना माहीत असेल. मला सांगू नकोस. वर मशिनी चालू होत्या. तिला आवाज येत असेल. वीस पावलांवर आम्ही सगळे उभे होतो, आणि मी साहेबांना हाताने दाखवत होते, इकडे, चुलीपाशी, इकडे.

उद्या घट बसतात. लग्न झाल्यापासून एकही वर्ष घट चुकवला नाही. यंदा शाळेत सगळ्यांचा मिळून एक बसवणार आहेत. परडीला माती आणा म्हणून मास्तरांनी मलाच सांगितलं, मी मोठी म्हणून. मी नाही म्हटलं. कारण विचारलं तर म्हटलं, मला शिवायचं नाही.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. साठी उलटलेली बाई. एकजण हसलीसुद्धा.

व्हरांड्यात पाण्याच्या टाकीपाशी कोपरा आहे, तिथं गोणपाट टाकलंय. देवाकडे पाठ येते. ताट लांबून सरकवतात, मी तांब्या वेगळा ठेवलाय. चार दिवसांनी आत ये म्हणाले तर जाणार नाही.

सविताचा तांब्या घेऊन येशील तेव्हा माझ्या हातात देऊ नकोस. पिंकीसाठी ठेव.

नंदा